चौथी खुर्ची

वर्ष भरलं त्या दिवशी काका पंधरा मिनिटं आधीच जेवायला आले आणि मुद्दाम धप्पकन बसले. एकशे बारा किलोंचा माणूस असा बसला की टेबलावरचे पेले जागच्या जागी उडी मारतात. पेले उडाले. खुर्चीनं मात्र चकार शब्द काढला नाही.

ते डावीकडे कलले, उजवीकडे कलले. मागे रेलून पुढचे दोन पाय उचलले आणि आदळले. काही नाही. बारा महिने, दोन्ही वेळची जेवणं, उन्हाळ्याची कोरडी हवा, मधले दमट महिने, मग थंडी. सगळं या खुर्चीनं त्यांच्या वजनासकट पचवलं होतं. पुतणीची खुर्ची म्हणून काकांना आनंद व्हायला हवा होता. पण खरं सांगायचं तर गेले आठ दिवस त्यांचे कान एका कुरकुरीसाठी टवकारलेले होते, आणि ती येत नव्हती म्हणून डोकं भडकलेलं होतं.

"पुरे झालं आपटणं," काकू आतून ओरडली. "मोडायचीच असेल तर कुऱ्हाड आणून देते."

नियम पणजोबांचा होता, आणि ज्यांना तो जाचला त्यांनीच तो पुढे चालवला. घरोघरी असंच चालतं. या घरात कोणीही खुर्ची केली की ती आधी जेवणाच्या टेबलाशी यायची, आणि घरातल्या सगळ्यात जड माणसानं वर्षभर तिच्यावर बसून जेवायचं. वर्षात एकदा जरी ती कुरकुरली, तरी ती करणाऱ्याच्या वाट्याला परत. मग पुढची खुर्ची पास होईपर्यंत त्यानं त्याच नापास खुर्चीवर बसून जेवायचं. वर्ष शांत गेलं तर लोखंडी शिक्का तापवून बैठकीच्या खालच्या बाजूला उमटवायचा, आणि त्या दिवसापासून तो माणूस स्वतःच्या हाताची खुर्ची विकायला मोकळा. थोडक्यात, या घरात प्रत्येक जण कधी ना कधी आपल्या चुकीवर बसून जेवला होता.

पुतणी सहा वर्षं तशीच जेवत होती. तिची पहिली खुर्ची चौथ्या महिन्यात कुरकुरली, कारण लाकूड ओलं होतं. दुसरीचा पाय दीड महिन्यात चिरला, कारण त्यात खाच फार खोल गेली होती. तिसरी पिळवटली आणि तीन पायांवर उभी राहायला लागली. सध्या ती त्या तिसरीवर बसायची; एका हातानं घास आणि दुसऱ्या हातानं टेबलाची कड धरून. काकांनी पुतणीचंच नाव 'डुगडुग' ठेवलं होतं. तिला ते आवडत नसे, म्हणूनच ते टिकलं.

पण आज काका चिडले होते ते वेगळ्याच गोष्टीनं. वाचनालयाच्या नव्या अभ्यासिकेला साठ खुर्च्या हव्या होत्या. आठ दिवसांपूर्वी ग्रंथपाल स्वतः घरच्या खुर्च्यांच्या कारखान्यात आले, कोपऱ्यात गिऱ्हाइकांकडून परत आलेल्या अकरा खुर्च्यांकडे त्यांनी पाहिलं, त्या सगळ्या काकांच्या होत्या, आणि काकांच्या देखत डुगडुगला म्हणाले, "तुमच्या हातच्या हव्यात. शिक्का मिळाला की फोन करा. आठ तारखेपर्यंत थांबतो, मग तयार खुर्च्या मागवीन." आज सात होती. तीस वर्षं शिक्का असलेला माणूस तिथे भुशात उभा होता, त्याला साधं "बरं आहात ना" सुद्धा कोणी विचारलं नाही.

*

जेवण झालं. टेबल पुसलं गेलं. चौथी खुर्ची उलटी करून टेबलावर ठेवली, आणि आजोबांनी शेगडीवर शिक्का ठेवला. वय चौऱ्याऐंशी, पण शिक्का त्यांनी दुसऱ्या कोणाला धरू दिला नाही.

"खालून एकदा पुसून घे," ते म्हणाले. "धूळ असली की डाग नीट उमटत नाही."

तिनं फडकं घेतलं.  बाबा असते तर, असं मनात आलं आणि तिनं ते झटकलं. बाबांना जाऊन चार वर्षं झाली होती, आणि आजच्या दिवशी रडायचं नाही असं तिनं सकाळीच ठरवलं होतं. बैठक पुसली. बाजूच्या पट्ट्या पुसल्या. मागच्या डाव्या पायाशी पट्टी जिथे खाचेत शिरते तिथे फडकं अडकलं.

ती वाकली. बोट फिरवलं. मग नख.

"आजोबा, थांबा."

"तापलाय आता."

"थांबा म्हणते ना! इथे पाचर आहे."

काकांची मान वर झाली. काकू दारातच थबकली.

"असेल," आजोबा शेगडीकडे बघत म्हणाले.

"असेल कशी? मी पाचर मारलेलीच नाही. आपल्या घरात कोणी मारत नाही. तुम्हीच शिकवलंत ना, ज्याला सांधा जमत नाही तो पाचर ठोकतो?" तिचा आवाज चढत गेला. "हे मी केलेलं नाही. कोणीतरी मागाहून ठोकलंय." ती काकांकडे वळली. "काका, हे तुमचं काम?"

"माझं?" काका उठले, टेबल हललं. "अगं बये, मी वर्षभर देव पाण्यात घालून बसलोय ही मोडावी म्हणून! मी कशाला सांधीन?"

बोलून गेल्यावर त्यांना कळलं आपण काय बोललो ते. पण बाण सुटला होता. आणि गंमत अशी की त्या क्षणी घरातल्या सगळ्यांचा त्यांच्यावर विश्वास बसला.

ती पुन्हा वाकली. पाचर फिकट लाकडाची होती. कारखान्यात असलं लाकूड येत नव्हतं. तिथे सगळं गडद, जड. शिवाय एका बाजूनं ती गोलसर होती. हातानं धरून धरून गुळगुळीत झालेला दांडा उभा चिरावा, तशी. असा दांडा तिनं रोज पाहिला होता, शेगडीच्या वर खिळ्याला टांगलेला. गेले काही महिने तो दिसला नव्हता हेही तिला आत्ताच आठवलं.

"उलथनं," ती म्हणाली. "आई, आपलं लाकडी उलथनं कुठंय?"

आईनं हातातल्या ताटल्या खाली ठेवल्या. अगदी सावकाश, एकावर एक.

"मी मारली," आई म्हणाली.

*

आईला वाटलं होतं की हे कधी उघडं पडलंच तर आपल्याला लाज वाटेल. लाज वाटत नव्हती. राग येत होता, आणि तो कुठून कुठून जमा झाला होता कोण जाणे.

"पाचव्या महिन्यात आवाज यायला लागला. भाऊजी बसले की बारीक 'टिक्' व्हायचं. तुम्हा कोणाला ऐकू आलं नाही, कारण जेवताना तुम्ही सगळे बोलत असता. मी वाढत असते, मला आलं. एका दुपारी सगळे कारखान्यात असताना उलथन्याचा दांडा चिरला, सरस लावला आणि बत्त्यानं ठोकली. झालं."

"का?" लेक म्हणाली.

"का म्हणजे? सहा वर्षं बघतेय मी तुला. एका हातानं जेवतेस. कोणी हसलं की तूही हसतेस आणि घास तसाच तोंडात ठेवतेस. तुझे बाबा वाट बघत गेले. मी पण तशीच जाऊ?"

"मला विचारायचंस तरी!"

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस."

"हो, नाहीच म्हणाले असते!" तिनं फडकं टेबलावर आपटलं. "उद्यापासून मी अशाच साठ करणार होते, आई. साठ! याच मापानं, याच सांध्यानं. एकेक करून सगळ्या सैल झाल्या असत्या, वाचणाऱ्या पोरांच्या खाली. आणि मला कळलंसुद्धा नसतं का! सात महिने माझी चूक रोज माझ्यासमोर होती आणि तू तिच्यावर हात ठेवून बसलीस. पहिल्या तीन खुर्च्या मोडल्या तेव्हा मी रडले, पण दर वेळी का मोडली ते शिकले. तेवढंच तर माझं आहे. शिक्का नाही, नाव नाही, तेवढंच. तेही काढून घेतलंस."

आईनं खाली ठेवलेल्या ताटल्या पुन्हा उचलल्या. 

उत्तर दिलं ते काकूनं, तिला कोणी विचारलं नव्हतं तरी. "छान," ती म्हणाली. "पणजोबांपासून ज्या घरात एक खिळा खोटा लागला नाही तिथे स्वयंपाकघरातून चोरी. अहो जाऊबाई, नियम म्हणजे नियम. हे नाही गेले त्यातून? पाच खुर्च्या मोडल्या यांच्या, पाच! दात-ओठ खात बसले त्या डुगडुगत्या खुर्च्यांवर, पण कोणी येऊन पाचर नाही मारली. स्वतःच्या हिमतीवर मिळवलाय शिक्का."

"हो?" आई म्हणाली.

एवढंच म्हणाली. पण ती काकूकडे बघत नव्हती, शेगडीपाशी बसलेल्या सासऱ्यांकडे बघत होती.

"सांगता, मामंजी? की मी सांगू?"

*

आजोबांनी शिक्का शेगडीवरून काढून फरशीवर ठेवला. तो तापून लाल झाला होता, आता हळूहळू काळा पडत होता. एकतीस वर्षं ही बाई गप्प बसली होती. ती जन्मभर गप्प बसेल असं त्यांनी धरून चाललं होतं. माणूस इतकी वर्षं गप्प बसला की त्याचं गप्प बसणं आपल्या मालकीचं वाटायला लागतं.

तेव्हा घरात सगळ्यात जड तेच होते. धाकट्याच्या, म्हणजे काकांच्या, सहाव्या खुर्चीवर तेच बसत. नवव्या महिन्यात खाली कुरकुर झाली, आणि ती फक्त त्यांनाच कळली. धाकटा आदल्या आठवड्यातच म्हणाला होता, ही गेली तर मी घर सोडून जाईन. थोरल्याला शिक्का मिळून चार वर्षं झाली होती. पहाटे त्यांनी पाचर मारली, वरून पॉलिश फिरवलं. मागे वळले तर दारात नवी सून, पाण्याचा तांब्या घेऊन. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. तिनं मान डोलावली. सगळं मिळून मिनिटाचं काम.

"अण्णा," काका म्हणाले, "ही काय म्हणतेय?"

आजोबा काळ्या पडणाऱ्या शिक्क्याकडे बघत राहिले.

"अण्णा, मी विचारतोय तुम्हाला."

म्हातारा बोलत नाही म्हटल्यावर काकांनी भिंतीशी ठेवलेली स्वतःची खुर्ची उचलली. वर्षभर ते डुगडुगच्या खुर्चीवर बसत होते, म्हणून ती तिथे उभी होती. टेबलावर ती उलटी आदळली. शिक्का होता बैठकीच्या मधोमध, एकतीस वर्षांपूर्वीचा, खोल आणि ठसठशीत. काकांनी एकेक सांधा अंगठ्यानं दाबत तपासला. तिसऱ्या सांध्याशी अंगठा थांबला. त्यांनी खिशातली लोखंडी मोजपट्टी काढून वरचं पॉलिश खरवडलं.

बारीक रेघ दिसली. मग तिच्या शेजारी दुसरी. पाचरीच्या दोन कडा.

 मग सगळ्यांच्या आधी काकूचं तोंड सुटलं, आणि या वेळी ती जावेच्या नव्हे तर सासऱ्यांच्या अंगावर गेली.

"तीस वर्षं मी यांना बोलतेय! खुर्च्या परत आल्या की यांच्या हाताला, यांच्या डोळ्याला, यांच्या आळसाला नावं ठेवतेय! आणि तुम्ही ऐकत बसायचात. समोर बसून, मिटक्या मारत! यांना शिकायची गरज होती तेव्हा तुम्ही शिक्का देऊन मोकळे झालात. पोराला न शिकवता परीक्षेत पास केलंत, मामंजी. मग बाहेर लोकांनी नापास केलं ते कोणाच्या खात्यावर?"

"तो गेला असता घर सोडून," आजोबा पुटपुटले.

"गेलो असतो तर गेलो असतो!" काका गरजले. "कुठेतरी जाऊन शिकलो असतो! परत आलो असतो! इथे राहून काय झालो मी? अकरा खुर्च्यांचा ढीग!" त्यांचा श्वास फुलला होता. ते वहिनीकडे वळले, आवाज एकदम खाली आला. "दादाला माहीत होतं?"

आईनं पदरानं हात पुसले.

"तुमची पहिली खुर्ची परत आली त्याच दिवशी यांनी ओळखलं. मला म्हणाले, त्याला सांगू नकोस, तो कोसळेल. मग परत आलेली प्रत्येक खुर्ची सुटीच्या दिवशी घेऊन बसायचे. एकेक सांधा उकलून पुन्हा करायचे. सत्तावीस वर्षांत यांनी मला सुटीच्या दिवशी कुठे नेलं नाही, भाऊजी. का ते आता कळलं असेल."

काका मटकन बसले. समोर होती ती खुर्ची डुगडुगची तिसरी. ती डुगडुगली आणि त्यांना टेबल धरावं लागलं. दादाला त्यांनी एकदा साऱ्या कामगारांसमोर सांगितलं होतं, माझ्या कामात हात घालायचा नाही, तुला माझं चांगलं बघवत नाही. दोन वर्षं बोलणं बंद होतं. त्या दोन वर्षांतही परत आलेल्या खुर्च्या नीट होऊन गेल्या होत्या. कोण करतं, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. विचारलं नव्हतं, कारण उत्तर नको होतं.

*

ती कारखान्यातून पटाशी आणि लाकडी हातोडा घेऊन आली. बाबांचा हातोडा.

"काय करतेस?" आई म्हणाली. "अगं, आता निदान आज तरी... कोणाला कळतंय? आपल्यातच आहे सगळं. तो फोन कर. पुढच्या साठ तू नीट करशील, मला माहीत आहे."

"नीट म्हणजे कशा? यात काय चुकलंय तेच मला माहीत नाही."

तिनं पाचरीवर पटाशी टेकवली. आजोबा "हळू" म्हणाले. तिनं ऐकलं नाही. दोन घाव, तिसऱ्याला पाचर उडाली आणि फरशीवर पडली, आईच्या पायाशी. तिनं पट्टी धरून ओढली. पट्टी खाचेतून निघाली, आणि फार सहज निघाली.

तिनं पट्टीचं टोक उजेडात धरलं. टोक आखूड होतं. बोटाच्या पेराएवढं तरी आखूड. खाचेत आत पोकळी राहिली होती, आणि सगळा भार त्या एवढ्याशा टोकावर.

"आखूड ठेवलंय मी," ती म्हणाली. "दुसरीचा पाय खोल खाचेनं चिरला ना, म्हणून घाबरून आखूड ठेवलं."

"दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितो माणूस," आजोबा म्हणाले. त्यांना राहवलं नाही. साठ वर्षं रंधा ओढलेला सुतार आधी बोलला आणि गुन्हेगार आजोबा नंतर गप्प झाले.

"तुम्ही आज बोलू नका," ती म्हणाली. घरात त्यांच्याशी असं कोणी बोललेलं नव्हतं.

मग तिनं फोन उचलला, सगळ्यांच्या समोर.

"सर, मी बोलतेय. नाही, शिक्का मिळाला नाही. खुर्ची नापास झाली... वर्ष काढलं खरं, पण खरं वर्ष नव्हतं ते. सांध्यात चूक सापडलीय... हो, सापडलीय. नवी करीन, तिला पुन्हा वर्ष लागेल... हो, समजतं मला. अभ्यासिका थांबणार नाही. मागवा तुम्ही... नाही सर, शब्द नका देऊ. शब्द मीही देत नाही."

तिनं फोन ठेवला. आई रडत होती. डुगडुगला तिच्याजवळ जावंसं वाटलं, पण ती गेली नाही. राग होता, तो खोटा कशाला करायचा. ती उकललेली खुर्ची उचलून कारखान्यात गेली आणि दार लावून घेतलं. थोड्या वेळानं आतून करवतीचा आवाज यायला लागला. तो संध्याकाळपर्यंत थांबला नाही.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी ताटं मांडली गेली तरी काकांचा पत्ता नव्हता. आई वाढत होती; मायलेकींचं बोलणं झालेलं नव्हतं. आजोबांनी शिक्का टेबलाच्या मधोमध आणून ठेवला होता, थंडगार. तो नक्की कोणासाठी ठेवलाय हे त्यांनी सांगितलं नाही, आणि कोणी हातही लावला नाही.

तेवढ्यात माळ्यावर धडधड झाली. मग शिडी कुरकुरली. मग काका दारातून आडवे आत आले, कारण हातात खुर्ची होती. धुळीनं माखलेली, एका बाजूला कललेली, पाठीचा एक दांडा तुटलेला. त्यांची पाचवी. एकतीस वर्षांपूर्वी माळ्यावर गेलेली.

"अहो, पडाल," काकू म्हणाली. पण उठली नाही.

काकांनी खुर्ची पुतणीच्या शेजारी ठेवली आणि जपून, हातांवर भार देत, बसले. पंचावन्नाला टेकलेला एकशे बारा किलोंचा माणूस डावीकडे गेला, उजवीकडे आला आणि शेवटी टेबलाची कड धरून स्थिरावला. खुर्ची सबंध घराला ऐकू जाईल अशी कण्हली. कोणीही हसलं नाही.

त्यांनी हात लांबवून शिक्का उचलला आणि आजोबांच्या ताटाशी परत नेऊन ठेवला.

"माझा काढून टाका, अण्णा. त्या खुर्चीच्या बुडावरनं रंधा फिरवा. तुमच्या हातानं."

आजोबांची मान खाली गेली. मग ती होकारार्थी हलली.

जेवण सुरू झालं. दोघं शेजारी शेजारी, दोघांचा एकेक हात टेबलावर, दोघांच्या खुर्च्या आळीपाळीनं डुगडुगत. अर्धं जेवण झाल्यावर काकांनी घसा खाकरला.

"डुग..." ते म्हणाले आणि थांबले.

"म्हणा की. आता दोघंही तेच आहोत."

"ते टोक," काका ताटाकडे बघत म्हणाले. "किती आत जायला पाहिजे, ते कसं ठरवायचं? मला... ते मला कधी कळलंच नाही."

तिनं घास चावून संपवला. राग अजून होता. आईवर, म्हाताऱ्यावर, आणि बाबांच्या वाया गेलेल्या सगळ्या सुट्यांबद्दल या माणसावरही. तो काही एका रात्रीत जाणारा नव्हता.

"उद्या सकाळी सातला या," ती म्हणाली. "पटाशीला धार लावून. आणि त्या अकरा खुर्च्यांपासून सुरुवात करायची. प्रत्येक का मोडली ते तुम्ही मला सांगायचं, मी नाही सांगणार."

"सातला?"

"सात म्हणजे सात. उशीर केलात तर दार लावून घेईन."

काकांनी मान डोलावली, आणि त्या नुसत्या मान डोलावण्यानंही त्यांची खुर्ची कुरकुरली. आई वाढायला आली होती. ती लेकीच्या ताटाशी क्षणभर उभी राहिली, ऐकत. मग तिच्या ताटात भात वाढून पुढे गेली.